सांबऱ्याच्या रात्रीच्या आकाशात लेझर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात बेळगावचा विमानतळ जेथे आहे त्या सांबरा परिसरातील एका गृहस्थांचे पत्र नुकतेच वाचले. लहान विमान रात्री साडेसातपासून दहापर्यंत दर पाच-सात मिनिटांनी त्याच घरांवरून घोंघावत जाते, दहावीच्या मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, आजारी माणसांची झोपमोड होते, तर हा सराव दिवसा का करत नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे. ते देण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे वाटते, कारण त्या घरांवरून फिरणाऱ्या विमानांपैकी एक काही महिन्यांपूर्वीपर्यंत मी एकटी चालवत असे. मी मूळची येळ्ळूरची. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठीचे माझे बरेचसे प्रशिक्षण सांबऱ्याला झाले आणि रात्री विमान चालवायला व उतरवायला मी तेथेच शिकले. उत्तर देता देता सांबऱ्याच्या आसपासच्या गावांना, मंडळांना आणि मंगल कार्यालयांच्या चालकांना मला एक विनंतीही करायची आहे, आणि त्या विनंतीसाठीच हे पत्र एवढे लांबले आहे.

आधी उत्तर. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यासाठी किमान २०० तास उड्डाण करावे लागते. त्यांपैकी किमान ५ तास रात्रीचे असावे लागतात, आणि त्यांत विमानात दुसरे कोणीही नसताना, म्हणजे शेजारच्या आसनावर शिक्षक नसताना, किमान १० वेळा उड्डाण करून १० वेळा सुखरूप उतरावे लागते. दिवसा कितीही तास उडून ही अट पुरी होत नाही. त्याच घरांवरून का, याचेही कारण नियमातच आहे. सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून ते सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत केवळ नजरेच्या आधारे उड्डाण करायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या परवानगीने विमानतळाच्या आसपास होणारी स्थानिक आणि प्रशिक्षणाची उड्डाणे तेवढी त्याला अपवाद आहेत. त्यामुळे रात्री शिकणाऱ्याला दूर कोठेतरी निर्मनुष्य डोंगरावर जाऊन सराव करण्याची मोकळीक नसते. त्याला धावपट्टीभोवतीच आयताकृती फेरी मारावी लागते, जिला आम्ही सर्किट म्हणतो. सांबऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे आणि फेरी जमिनीपासून साधारण १,००० फुटांवरून होते. उड्डाण, वळण, धावपट्टीला समांतर उलटा प्रवास, पुन्हा दोन वळणे आणि उतरणे, असे पाच-सात मिनिटांत पुरे होते. धावपट्टी २,३०० मीटर लांब असल्यामुळे आमच्यासारख्या लहान विमानाला चाके टेकल्यावर न थांबता तेथूनच पुन्हा उड्डाण करता येते, आणि म्हणून खालच्या माणसाला ते विमान रात्रभर आपल्याच घराला घिरट्या घालत आहे असे वाटते.

सांबऱ्याच्या माळाला हे नवे नाही. ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने बांधली आणि तेव्हापासून येथे कोणी ना कोणी शिकतच आले आहे. हवाई दलाची जवान घडवणारी प्रशिक्षण शाळा आजही तेथेच आहे. नागरी उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये देशातील जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्याबरोबर बेळगाव होते. याच्याआधी आमच्या भागातल्या मुलामुलींना हे शिक्षण घ्यायचे तर दूरच्या शहरात खोली घेऊन राहावे लागत असे. मी सकाळी घरची भाकरी बांधून घेऊन गेले आणि रात्री घरी परतले, हे भाग्य माझ्या आधीच्या कोणाच्या वाट्याला आले नसेल.

आता ज्या गोष्टीसाठी विनंती करायची आहे ती समजावी म्हणून, रात्री विमान उतरवणे म्हणजे नेमके काय असते ते थोडे विस्ताराने सांगते. रात्री उडायला शिकताना माणूस आधी स्वतःच्या डोळ्यांविषयी शिकतो. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी दाटीने असतात, पण मंद उजेडात त्यांचा फारसा उपयोग होत नाही. अंधारात काम करतात त्या कडेच्या दंडपेशी, आणि त्यांना अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो. म्हणून आमचे शिक्षक उड्डाणाआधी अर्धा तास मोबाइल बंद करून मंद उजेडात बसायला लावत, आणि विमानात यंत्रांवरचे दिवेही वाचण्यापुरतेच ठेवायला सांगत. अंधारात एखादी वस्तू पाहायची असेल तर तिच्यावर थेट नजर न रोखता किंचित बाजूला पाहावे लागते. नजर जरा तिरपी ठेवली की बांधावरचे हलते जनावर कळते, असे आमचे आजोबा राखणीच्या रात्रींच्या आठवणी सांगताना म्हणत. त्यामागचे कारण मला विमानात बसल्यावर समजले. उलट एखाद्या विहिरीच्या मोटारघरावरच्या एकट्या दिव्याकडे काळोखात थोडा वेळ टक लावून पाहिले, तर तो दिवा सरकू लागल्याचा भास होतो. अशा सरकत्या दिव्याला दुसरे विमान समजून वळण घेणारे वैमानिक होऊन गेले आहेत, म्हणून नजर कोठेही खिळवून न ठेवता सतत फिरती ठेवायची, हा पहिला धडा असतो.

दुसरा धडा क्षितिजाचा. दिवसा आकाश आणि जमीन यांची रेघ डोळ्यासमोर असते आणि विमान कलले की लगेच कळते. अमावास्येच्या आसपासच्या रात्री खानापूरच्या जंगलाच्या बाजूला तोंड केले की वरच्या चांदण्या आणि खालचे तुरळक वाड्यांचे दिवे एकमेकांत मिसळून जातात, जमीन कोठे संपली ते कळेनासे होते, आणि शरीर जे सांगते त्यापेक्षा समोरचे यंत्र जे सांगते त्यावर विश्वास ठेवावा लागतो. हे ऐकायला सोपे वाटते, पण आयुष्यभर ज्या शरीराच्या भरवशावर चाललो त्याचे म्हणणे बाजूला सारायला निग्रह लागतो, आणि तो अनेक रात्रींच्या सरावानेच येतो.

सर्वांत अवघड असते ते उतरणे. पश्चिमेकडे तोंड करून उतरायचे असते तेव्हा विमान पूर्वेकडून येते. खाली अंधारात बुडालेली शेते असतात आणि समोर, धावपट्टीच्या पलीकडे, बेळगाव शहराचा झगमगाट असतो. मधल्या काळोखात अंतर आणि उंची जोखायला डोळ्याला झाड, बांध, घर असे काहीही सापडत नाही. अशा वेळी आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असे वाटते आणि हात नकळत विमान खाली नेऊ लागतो. वैमानिकांच्या बोलीत याला ब्लॅक होल म्हणतात, आणि मोठ्या अनुभवी वैमानिकांनाही या भासाने धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आणले आहे. यावर उपाय म्हणून धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक ओळ असते. दोन पांढरे आणि दोन तांबडे दिसले तर उतरण बरोबर, म्हणजे सुमारे ३ अंशांची आहे. पांढरे वाढले तर विमान उंच आहे, आणि चारही तांबडे दिसले तर ते धोकादायकरीत्या खाली आहे. याशिवाय धावपट्टीच्या काठाचे दिवे पांढरे, सुरुवातीचे हिरवे, शेवटचे तांबडे आणि विमाने ये-जा करतात त्या बाजूच्या मार्गाचे निळे, अशी दिव्यांची एक भाषाच असते, आणि रात्रीच्या वैमानिकाला बाहेरच्या जगाकडून मिळणारी जवळजवळ सगळी माहिती या भाषेतच मिळते. पहिल्या रात्री विमानतळाजवळून जाणाऱ्या बागलकोट रस्त्यावरची वाहनांच्या दिव्यांची रांग मला क्षणभर धावपट्टीच वाटली होती. शिक्षकांनी आवाज न चढवता फक्त दिशादर्शक पाहायला सांगितले, आणि यंत्रातला आकडा धावपट्टीच्या २६० अंशांशी जुळत नाही हे दिसताच मला माझी चूक उमगली.

धावपट्टीवर पोहोचल्यावरही काम संपत नाही. जमिनीपासून काही फुटांवर विमानाचे नाक हलकेच वर उचलून त्याला तरंगत ठेवायचे आणि वेग आपसूक कमी होऊन चाके टेकू द्यायची असतात. दिवसा डांबराचा पोत, गवत, पांढरे पट्टे यांवरून उंची कळते. रात्री विमानाचा पुढचा दिवा समोरचा छोटासा तुकडाच उजळतो आणि नवशिक्याची नजर त्या तुकड्यातच अडकते, त्यामुळे तो नाक लवकर उचलतो आणि विमान उंचावरून आपटते. माझ्या हातून सुरुवातीच्या अनेक उतरणी अशाच झाल्या. नजर धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेव आणि काठाचे दिवे दोन्ही बाजूंनी आपल्या खांद्याशी येताना डोळ्यांच्या कोपऱ्यांतून जाणवू दे, असे शिक्षक प्रत्येक फेरीत सांगत राहिले, आणि एका रात्री ते एकदम जमले. त्यानंतर त्यांनी विमानाचा पुढचा दिवाच बंद करून उतरायला लावले, कारण दिवा ऐन वेळी जाऊ शकतो आणि तेव्हा फक्त काठाच्या दिव्यांवर उतरता आले पाहिजे. एवढे सगळे येऊ लागल्यावर त्यांनी मला एकटीला सोडले.

सांगायचे हे, की उतरत्या वैमानिकाचा सगळा भरवसा अंधाराला सरावलेल्या दोन डोळ्यांवर आणि जमिनीवरच्या खऱ्या दिव्यांवर असतो. गेल्या डिसेंबरमध्ये, लग्नसराईतल्या एका रात्री, माझ्याकडून हे दोन्ही काढून घेतले गेले. एकटीने करायच्या दहा उतरणींपैकी ती सातवी होती. विमान धावपट्टीच्या रेषेत आले होते, उंची जमिनीपासून साधारण ४०० फूट होती आणि दोन पांढरे, दोन तांबडे दिवे नीट दिसत होते. तेवढ्यात डावीकडच्या एका वस्तीतून हिरवी रेघ उठली, आकाशात दोनदा फिरली आणि विमानावर येऊन थांबली. लेझरचा किरण जमिनीवर बोटाएवढा असला तरी किलोमीटरभर अंतरावर तो पसरून मोठा होतो, शिवाय समोरच्या काचेवरचे बारीक ओरखडे आणि धूळ त्याला सगळीकडे विखुरतात. त्यामुळे मला एक ठिपका दिसला नाही, तर सगळी काचच हिरवी झाली. धावपट्टी दिसेनाशी झाली आणि ते चार दिवेही दिसेनासे झाले. मी मान खाली घातली, तेव्हा यंत्रांच्या तबकड्यांवरही तेच हिरवे डाग तरंगत होते.

आमच्या विमानाचा उतरतानाचा वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर असतो, म्हणजे दहा सेकंदांत ते ३०० मीटरहून अधिक पुढे जाते. विचार करायला तेवढाच अवधी होता. शिक्षकांनी शंभर वेळा घोटून घेतलेले तेच केले: इंजिनाला पूर्ण शक्ती दिली, नाक वर उचलले, पंख समतोल आहेत एवढे डागांच्या आडून पाहिले आणि पुन्हा वर गेले. टॉवरला, म्हणजे नियंत्रण कक्षाला, कळवले. वारा नसल्यासारखाच होता, म्हणून त्यांनी मला उलट्या बाजूने, शहराकडून उतरण्याची परवानगी दिली, कारण त्यामुळे ती वस्ती समोर आणि जवळ येणार नव्हती. मी उतरले तेव्हा डोळ्यांसमोरचे डाग पुरते गेलेले नव्हते, आणि अंधाराला सरावलेली नजर तर त्या रात्री परत आलीच नाही. शिक्षक धावपट्टीपासून विमाने उभी करतात त्या जागेपर्यंत धावत आले होते. त्यांनी त्या रात्रीचा सराव तेथेच थांबवला.

दुसऱ्या दिवशी कळले की वरातीपुढच्या डीजेच्या गाडीवरचे ते लेझर होते आणि विमान दिसल्यावर ते चालवणाऱ्या मुलांना किरण विमानावर धरून बघावेसे वाटले. मी त्या वस्तीचे नाव देत नाही, कारण मला कोणाला गुन्हेगार ठरवायचे नाही. ती मुले माझ्याच वयाची असतील, आणि त्या हिरव्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी एकटी बसली आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते आता सांगितले जावे, म्हणून हे लिहीत आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. विमान नियम, १९३७ यांतील ६६ क्रमांकाचा नियम विमानांची दिशाभूल करणाऱ्या दिव्यांविषयी आहे. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दिवा या शब्दात उडते कंदील, दिवे लावलेले पतंग आणि लेझर यांचा स्पष्ट समावेश झाला, आणि विमानतळाभोवतीचे अंतर ५ किलोमीटरवरून ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटर, करण्यात आले. सांबरा, मुतगा, निलजी, मुचंडी, बाळेकुंद्री, बसवन कुडची ही सगळी गावे त्या अंतरात येतात आणि बेळगाव शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्याही येतात. तरीही यांपैकी कोणत्याही गावच्या वेशीवर किंवा मंगल कार्यालयाच्या दारावर याविषयी एक ओळ लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. गणेशोत्सवाच्या, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या किंवा लग्नाच्या मिरवणुकीला परवानगी देताना आवाजाची मर्यादा आणि वेळ लिहून घेतली जाते, तसेच आकाशाकडे लेझर किंवा झोतदिवा रोखणार नाही हेही लिहून घ्यावे, एवढी माझी पोलीस खात्याला आणि ग्रामपंचायतींना पहिली विनंती आहे. डीजे आणि मंडप-विद्युत रोषणाईचा व्यवसाय करणाऱ्यांनी सांबऱ्याच्या परिसरात लेझर भाड्याने देऊच नये. ते विमानावर धरले नाही तरी मिरवणुकीत नाचणाऱ्यांच्या डोळ्यांनाही घातक असते, आणि लेझर नसेल तर वरातीची शोभा कमी होते असे मला वाटत नाही; चित्ररथांच्या रात्री बेळगावात आलेला कोणीही याची साक्ष देईल.

दिवाळीत आणि नववर्षाच्या रात्री कागदाचे पेटते कंदील हवेत सोडण्याची पद्धतही आपल्याकडे वाढत आहे. घराच्या दारात टांगलेल्या आकाशकंदिलाबद्दल मी बोलत नाही, तो प्रत्येक घरी असावा. पण वाऱ्यावर सुटलेला कंदील कोठे जाईल हे सोडणाऱ्याच्या हाती राहत नाही, आणि हजार फुटांवर समोर आलेला तांबूस दिवा म्हणजे दूरचे विमान आहे की जवळची ज्योत, हे ओळखण्यात वैमानिकाचे मोलाचे क्षण जातात. ऊसतोडीनंतर पाचट पेटवण्याबाबतही शेतकरी बांधवांना एक सांगणे आहे. थंडीच्या रात्री हवा स्थिर असते, धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि धावपट्टीचे दिवे त्यात फिके पडतात. पाचट कुजवून खत करणे सर्वांत चांगले, आणि ज्याला ते शक्य नाही त्याने निदान विमानतळालगतच्या शेतात संध्याकाळनंतर ते पेटवू नये.

पत्रलेखक गृहस्थांच्या तक्रारीकडे मी पाठ फिरवलेली नाही. रात्रीचे उड्डाण टाळता येत नसले तरी ते कोणत्या रात्री आणि किती वाजेपर्यंत होणार आहे, हे संस्थांनी आसपासच्या ग्रामपंचायतींना आठवडाभर आधी कळवले तर लोकांना त्रास सोसणे सोपे जाईल. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या आठवड्यांत फेऱ्या रात्री नऊच्या आत संपवाव्यात, आणि जेथे नियंत्रण कक्षाची परवानगी असेल तेथे फेरीची दिशा आलटून पालटून घ्यावी, म्हणजे एकाच गावावर सगळा आवाज पडणार नाही. ज्या गावांच्या डोक्यावर आम्ही शिकलो त्यांना एवढी विचारपूस मिळायला हवी, आणि ती माझ्या प्रशिक्षणाच्या काळात झाली नाही याची मला खंत आहे.

त्या गावांतल्या शाळांनी एकदा मुलांना संध्याकाळी मोकळ्या मैदानात उभे करून विमानाचे दिवे ओळखायला शिकवावे. डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा दिवा असतो, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा. फक्त तांबडा दिसत असेल तर विमान आपल्या उजवीकडून डावीकडे चालले आहे, फक्त हिरवा दिसत असेल तर डावीकडून उजवीकडे, आणि तांबडा व हिरवा दोन्ही एकदम दिसत असतील तर ते आपल्याकडे तोंड करून येत आहे. एवढे कळलेले मूल वरातीत लेझर हाती आले तरी ते विमानाकडे वळवणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आमच्या येळ्ळूरच्या मंडळाच्या बैठकीत मी हा विषय मांडला असून येत्या गणेशोत्सवात लेझर न वापरण्याचे तेथे ठरले आहे. येळ्ळूर धावपट्टीपासून दूर आहे, जवळची गावे वर सांगितली ती. त्यांपैकी कोणत्याही मंडळाने, शाळेने किंवा ग्रामपंचायतीने बोलावले तर मी स्वतः येऊन हे सगळे नकाशासह समजावून सांगेन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे.

आपली,
एक वाचक, येळ्ळूर (ता. जि. बेळगाव)